मामंजी घट्ट पाणी पीत नाहीत, आत्याबाई रात्री साधं पाणी देतात

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या मामंजींना तीन महिन्यांपूर्वी लकवा मारला. आता काठी धरून चालूलालेत, जीभ जड आहे पण सगळं समजतं. पाणी प्यायलं की ठसका लागायचा म्हणून दवाखान्यातनं सोडताना पाणी दाट करायची थिकनर पावडर लिहून दिली. कागदावर 'नेक्टर' आणि 'दोन चमचे' एवढंच कळलं, बाकी सगळं कन्नड आणि इंग्रजीत. मी रोज घालून देते, ते दोन घोट घेतात आणि ग्लास बाजूला सारतात, म्हणतात खळ पाजवूलालीस काय मला. चहाला तर हातच लावत नाहीत. डबा महागाचा, आणि अर्धं ओतून टाकावं लागतंय. त्यात परवा कळलं की आत्याबाई रात्री त्यांना तांब्यानं साधं पाणी देतात. मी बोलले तर म्हणाल्या, तहानलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं पाप मी घेणार नाही, आणि बघ की, ठसकापण लागत नाही. रोज यावरनं वाद. कॉर्नफ्लॉवर घातलं तर चालतंय काय? आणि हे किती दिवस करायचं?"

तुमचं पत्र वाचून मी पहिलं काय केलं तर स्वयंपाकघरात जाऊन आमच्याकडची भांडी मोजली. स्टीलच्या मोठ्या ग्लासात अडीचशे मिली पाणी मावलं, फुलपात्रात दीडशे, चहाच्या कपात नव्वद. चमच्यांचीपण तीच तऱ्हा, पोह्याचा वेगळा, चहाचा वेगळा, आणि पावडरच्या डब्यात येतो तो स्कूप अजून वेगळा. मग दोन चमचे म्हणजे कुठले दोन चमचे, आणि ते फुलपात्रात घालायचे की ग्लासात? हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि तुम्ही घाबरून थोडं जास्तच घालत असणार, असं मला वाटतं, कारण मीपण तेच केलं होतं.

मी सव्वीस वर्षं वॉर्डात नर्स होते, आणि तरीही माझ्या आईला पार्किन्सन्समध्ये ठसका लागायला लागला तेव्हा मी पाणी इतकं घट्ट केलं की चमचा उभा राहील. जास्त घट्ट तेवढं जास्त सेफ, असं डोक्यात बसलेलं. आई पीत नव्हती, मी म्हणायचे हट्ट करते. पंधरा दिवसांत तिची लघवी कमी झाली, गडद झाली, इन्फेक्शन झालं, एका सकाळी तिनं मला ओळखलं नाही. सलाइन लावल्यावर दोन दिवसांत माणसात आली. ठसक्यापासून वाचवायच्या नादात मी तिला तहानेनं आजारी पाडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणून मामंजी ग्लास बाजूला सारतात ना, त्याला हट्ट म्हणू नका. ते काहीतरी सांगूलालेत.

आता घशात काय होतं ते सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं, आणि हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. लकव्यानंतर हे झाकण पडायला उशीर होतो. पाणी तर जिभेवर ठेवलं की पळतंच, झाकण पडायच्या आधी खाली पोचतं आणि थेट श्वासनलिकेत उतरतं. तेच थोडं दाट केलं की सावकाश येतं, घशाला वेळ मिळतो. थिकनरचं काम एवढंच, पाण्याचा वेग कमी करणं. त्यानं गिळणं बरं होत नाही. आणि प्रमाणाबाहेर दाट झालं तर उलटं होतं, लकव्यानं जीभ आधीच जड, तिला ते मागं ढकलता येत नाही, घशात थर राहतो आणि गिळून झाल्यावर, माणूस श्वास घेताना, तो थर श्वासनलिकेत सरकतो. म्हणजे पातळचा धोका वेगळा, दाटचा वेगळा, आणि मामंजींना मधलं नेमकं किती लागतं हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायचं घरीच, दहा मिलीच्या सिरिंजनं. घशाच्या त्रासासाठी खाण्यापिण्याच्या दाटपणाला आता जगभर ० ते ७ अशा पायऱ्या ठरवल्यात, आयडीडीएसआय म्हणतात त्याला, त्यात ० म्हणजे साधं पाणी आणि पिण्याच्या गोष्टी ४ पर्यंत. तुमच्या कागदावरचं 'नेक्टर' हे जुनं नाव, नव्या पायऱ्यांत ते साधारण २ नंबरला येतं, आणि 'हनी' साधारण ३ ला. मेडिकलमधनं सुई नसलेली सिरिंज आणा, पट्टी लावून बघा, शून्याच्या रेघेपासून दहाच्या रेघेपर्यंत ६१.५ मिलिमीटर भरलं पाहिजे, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. दांडा काढून टाका, खालचं भोक बोटानं बंद करा, तयार केलेलं पाणी वरनं दहा मिलीपर्यंत भरा, बोट काढा, मोबाईलवर बरोबर दहा सेकंद मोजा, पुन्हा बोट लावा. आत किती उरलं ते बघा. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते साधं पाणीच. १ ते ४ उरलं तर पायरी १, ४ ते ८ उरलं तर पायरी २, ८ च्या वर उरलं पण थेंब थेंब पडतंय तर ३. काहीच पडलं नाही तर ते पायरी ४ चं, चमच्यानं खायचं झालं, प्यायचं राहिलं नाही. तुमचं पाणी ३ किंवा ४ वर निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर 'खळ' म्हणणारे मामंजी शंभर टक्के बरोबर होते.

मिसळायची रीतपण बघा. एकच ग्लास आणि एकच स्कूप ठरवून टाका, त्या ग्लासावर नेलपॉलिशनं रेघ मारा, म्हणजे घरात कुणीही केलं तरी सारखंच होईल. डब्यावर लिहिलंय तेवढीच पावडर सपाट भरून घ्या, लगेच ढवळा, आणि डब्यावरची वेळ होईपर्यंत थांबा. बहुतेक जण इथंच चुकतात, लगेच दाट दिसत नाही म्हणून अजून एक चमचा घालतात आणि पाच मिनिटांनी त्याची खीर होते. दुधाला, दुधाच्या चहाला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून चहा आधी करून, पावडर घालून ठेवायचा आणि प्यायला देताना परत एकदा ढवळून सिरिंजनं बघायचा. गुठळ्या झाल्या तर त्या चमच्यानं चेपत बसू नका, नवीन करा. एक फार महत्त्वाचं, डबा मामंजींच्या आणि पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. इंग्लंडमध्ये कोरडी पावडर चुकून तोंडात गेल्यानं एक माणूस गुदमरून गेला आणि २०१५ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं सगळ्या दवाखान्यांना सावध केलं होतं, कारण ती तोंडातल्या ओलाव्यानं फुगून घसा बंद करते.

कॉर्नफ्लॉवरचं विचारलंत. भरवशाचं नाही. शिजवलेल्या पिठाला आपल्या लाळेतलं पाचक द्रव्य लगेच पातळ करायला लागतं, म्हणजे वाटीत दाट दिसणारा चहा तोंडात थोडा रेंगाळला की पाणी होतो, आणि थंड होताना तोच चहा पुन्हा जास्त दाट होतो, त्यामुळं दहा मिनिटांपूर्वी मोजलेलं आता लागू पडत नाही. विकतच्या पावडरीपण दोन जातीच्या असतात, काही स्टार्चच्या आणि काही झँथन गम नावाच्या डिंकाच्या. झँथनच्या लाळेनं पातळ होत नाहीत, ठेवल्या तरी फारशा बदलत नाहीत, चवीलाही कमी पिठूळ लागतात. डबा उलटा करून वाचा तुमची कुठली आहे ते. स्टार्चची असेल तर 'खळ' लागणारच, मग डॉक्टरांना विचारून झँथनची घ्या, तेवढ्यानं पण काही लोक प्यायला लागतात. (बेकरीच्या सामानात सुटा झँथन गम मिळतो तो स्वस्त पडतो हे खरं, पण डब्यातल्या पावडरीत तो नीट विरघळावा म्हणून दुसरी पावडर मिसळलेली असते, सुटा त्याच चमच्यानं घातलात तर कितीतरी जास्त दाट होईल. गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टनं ग्रॅममध्ये सांगितलं तरच.) मामंजींना शुगर असेल तर स्टार्चच्या पावडरीचा हिशेब जेवणात धरायचा, हे पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. लकव्याच्या माणसाला बऱ्याचदा बद्धकोष्ठता असते, आणि त्याला पाण्यात मिसळून घ्यायची एक पावडर देतात, पॉलीइथिलीन ग्लायकॉलची. ती पावडर स्टार्चच्या थिकनरनं दाट केलेल्या पाण्यात घातली तर ते पाणी परत पातळ होतं, डोळ्यांदेखत. मामंजींना असली काही पावडर चालू असेल तर दोन्ही डबे घेऊनच डॉक्टरकडे जा. आणि गोळ्या आपल्या मनानं कुटू नका, काही गोळ्यांचं वरचं कोटिंग मुद्दाम असतं, कुठली कुटायची नि कुठली नाही ते मेडिकलवाल्याला एकेक दाखवून विचारा.

आता आत्याबाई. त्यांच्यावर चिडू नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही दिवसभर राबून करता आणि रात्री ते पुसलं जातं, राग येणारच. पण त्यांची गोष्टपण खरी आहे, आपल्याकडं मरणाऱ्याच्याही तोंडात पाणी घालतात, आणि इथं जिवंत नवरा पाणी मागतोय. त्यांना एवढंच समजवा, शक्यतो त्यांना शेजारी बसवून आणि मामंजींच्या समोर, की ठसका लागत नाही म्हणजे पाणी नीट जातंय असं नव्हे. लकव्यात घशाची जाणीवच कमी होऊ शकते, मग पाणी श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही, आणि चार दिवसांनी ताप येऊन छाती भरू शकते. आणि पाण्यापेक्षा पाणी द्यायची पद्धत जास्त वाईट आहे, रात्री, झोपेत, आडवं, मान मागं टाकून तांब्यानं वरनं. वरनं पिताना मान मागं जाते आणि श्वासाची वाट सताड उघडी होते. आपल्या घरांत उष्टं नको म्हणून सगळेच वरनं पितात, बशीतला चहापण फुर्र करून ओढतात, मामंजींसाठी हे दोन्ही बंद. खुर्चीत ताठ बसून, हनुवटी वर नाही, कपाला ओठ लावून, एक छोटा घोट, तो गिळून झाला की मग दुसरा. प्यायल्यावर अर्धा तास बसूनच. स्ट्रॉ, सिपर थेरपिस्टनं सांगितल्याशिवाय नको.

आणि साधं पाणी कायमचं बंद, असंही नाही. अमेरिकेतल्या एका रिहॅब हॉस्पिटलनं १९८४ पासून एक पद्धत चालवली, गिळायला त्रास असलेल्या काही निवडक लोकांना जेवणाबरोबर नाही, पण दोन जेवणांच्या मध्ये, तोंड स्वच्छ धुऊन, साधं पाणी थोडं थोडं द्यायचं. मागचा विचार असा की स्वच्छ तोंडातनं गेलेलं नुसतं थोडं पाणी फुप्फुस सहन करतं, पण तोंडातली घाण, जंतू, अन्नाचे कण, चहा-दूध ते सहन करत नाही. सगळ्यांना चालत नाही, ज्यांची छाती आधीच खराब आहे, ज्यांना नीट ताठ बसता येत नाही किंवा शुद्ध पूर्ण नाही त्यांना तर नाहीच, त्यामुळं हे आपल्या मनानं सुरू करू नका, पण थेरपिस्टला हा प्रश्न नक्की विचारा: "मधल्या वेळी साधं पाणी देता येईल काय?" उत्तर हो आलं तर ते पाणी द्यायचं काम आत्याबाईंकडं द्या, दिवसा, बसवून, दात घासून. त्यांचं मन राहील आणि मामंजींचं तोंड स्वच्छ राहील.

तोंडाचं मी परत सांगते, कारण वॉर्डात मी हेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित झालेलं बघितलंय. किडके दात, आणि दुसऱ्यानं भरवावं लागणं, तोंड दुसऱ्यानं धुवावं लागणं, या गोष्टी न्यूमोनियाशी नुसत्या ठसक्यापेक्षा जास्त जोडलेल्या असतात, हे अमेरिकेत १९९८ सालच्या अभ्यासात दिसलं होतं. दिवसातनं दोनदा तरी ब्रश, मऊ ब्रश, जिभेवरनंपण, लकव्याच्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं ते बोटाला ओला कपडा गुंडाळून काढायचं, कवळी असेल तर रात्री काढून धुवायची. जमलं तर मामंजींच्या चांगल्या हातात ब्रश द्या, दुसऱ्यानं भरवण्यापेक्षा त्यांना स्वतः खाऊ द्या, हळू झालं तरी चालेल. तंबाखू असेल तर त्याचं काय ते तुम्हाला माहीत, मी लांबण लावत नाही.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही पण तिथंच पाणी लपून जातं. पातळ आमटी-भात, ताक-भात, दुधात चुरमुरे, चहात बुडवलेलं बटर, कलिंगडाची फोड, हे सगळं तोंडात गेलं की घट्ट वेगळं नि पाणी वेगळं होतं, माणूस घट्ट चावत बसतो आणि पाणी आधीच खाली पळतं. आइस्क्रीम, कुल्फीपण तोंडात पाणीच होते. त्यापेक्षा भात मऊ करून आमटीत एकजीव घोटा, वर पाणी सुटू देऊ नका. आणि आपल्याकडं दाट पेयं काय कमी आहेत काय? नाचणीची आंबील, ज्वारीची आंबील, तांदळाची पेज, हुलग्याचं माडगं, दही घोटून थोडंच पाणी घातलेलं ताक. ही मामंजींच्या जिभेला लहानपणापासून ओळखीची चव आहे. गाळून, कोमट झाल्यावर सिरिंजनं मोजा, दोन नंबरला बसते तेवढी पातळ किंवा दाट करा, आणि लगेच द्या, ठेवून नको, कारण यातही स्टार्चच आहे, लाळेनं पातळ होणारं. म्हणूनच ही कुठली चालेल ते थेरपिस्टला दाखवूनच ठरवा, आणि दिवसभराचं पाणी सगळं आंबिलीवर टाकू नका. पण दिवसातनं दोन वाट्या आंबील आवडीनं गेली तर महागाचा डबा पण पुरतो आणि पोटातपण काही पडतं.

दिवसभरात किती प्यायले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हृदयाचं किंवा किडनीचं काही नसेल तर साधारण दीड लिटरच्या आसपास जायला हवं, नक्की आकडा डॉक्टरांकडनं घ्या. हे मी माझ्या आईमुळं सांगते तसं मोठ्या अभ्यासातही आलंय, २००८ साली ५१५ पेशंटचा अभ्यास छापून आला, पार्किन्सन्स आणि विसराळूपणाच्या आजाराचे, पातळ पाणी श्वासनलिकेत जाणारे. तीन महिन्यांत न्यूमोनिया होण्यात, हनुवटी खाली करून साधं पाणी पिणारे आणि दाट पाणी पिणारे यांच्यात ठाम फरक काही सापडला नाही, पण शरीरातलं पाणी कमी होणं दाट पिणाऱ्यांत ६ टक्के आणि दुसऱ्यांत २ टक्के. लकव्याचे पेशंट त्यात नव्हते, त्यामुळं हे वाचून पावडर बंद करू नका. पण पावडर चालू आहे म्हणून आपण निर्धास्त, असं पण धरू नका. लघवी गडद झाली, तोंड कोरडं पडलं, माणूस गुंगीत दिसला, किंवा पिऊन झाल्यावर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा यायला लागला, ताप आला, श्वास जोरात चालला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, पाऊस असो की काय, गाडी काढायची.

किती दिवस करायचं याचं उत्तर मला देता येणार नाही, पण तुम्हाला ते मिळवता येईल. लकव्यानंतर गिळणं पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं सुधारतं. मामंजींना तीन महिने झाले, ते काठीवर चालतात, आणि घसा कुणी परत तपासलाच नाही, तीन महिन्यांपूर्वीच्या कागदावर अजून गाडी चाललीय. कदाचित आता त्यांना १ नंबरचं पुरेल, कदाचित काहीच लागणार नाही, कदाचित जास्त लागेल. बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्यूरो किंवा कान-नाक-घसा विभागात जाऊन सरळ म्हणा, "गिळण्याची तपासणी करायची आहे, स्पीच थेरपिस्टना दाखवायचं आहे." स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं नाही, गिळणंपण बघतात, हे खूप लोकांना माहीत नसतं. लागलं तर नाकातनं बारीक कॅमेरा घालून घसा बघतात किंवा बेरियम मिसळून एक्सरेवर घोट कसा जातो ते बघतात, दोन्हीत आत काय चाललंय ते दिसतं, नुसत्या ठसक्यावरनं अंदाज बांधावा लागत नाही. गिळायचे व्यायाम असतात, ते आपल्यासाठी आहेत काय ते विचारा. आणि सूचना मराठीत सांगा म्हणा, तिथल्या सिस्टरांपैकी कुणीतरी मराठी असतंच, त्यांच्याकडनं मोबाईलमध्ये बोलून रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे आत्याबाईंनाही ऐकवता येईल.

मामंजींना मात्र घरी ठेवून फाइल घेऊन जाऊ नका. त्यांना सगळं समजतं असं तुम्हीच लिहिलंय, मग थेरपिस्टनं त्यांच्याशी बोलू दे, कशाचा किती धोका आहे ते त्यांना सांगू दे, आणि त्यांना काय चालेल, काय नाही ते त्यांच्या तोंडून निघू दे, वेळ लागला तरी. जाताना पावडरचा डबा, तुमचा रेघ मारलेला ग्लास, सगळ्या गोळ्या आणि कॅलेंडरचं पान न्या. आणि घरचा चहा थर्मासमध्ये भरून न्या, नेहमी करता तसाच, तेवढ्याच साखरेचा, आणि थेरपिस्टना सांगा की आमच्या माणसाला हा प्यायचाय, याचं काय करायचं ते आमच्यासमोर करून दाखवा.